त्रेपन्न रुपये शहाण्णव पैसे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी मराठी घेऊन बी.ए. झालो आणि उरलेलं आयुष्य कविता लिहिण्यात आणि एका शाळेच्या कार्यालयात पावत्या फाडण्यात घालवलं. विजेशी माझा संबंध म्हणजे बटण दाबणं आणि महिन्याचं बिल भरणं. तरीही आज मी तुमच्याशी विजेवरच्या मोटारींबद्दल बोलणार आहे. खरं म्हणजे मोटारींबद्दलही नाही. मोटारीत वीज भरली की तिचे पैसे कसे द्यायचे, एवढ्याशा बाबीबद्दल. बाब एवढीशी वाटते खरी. मलाही ती तशीच वाटत होती, गेल्या जानेवारीतल्या एका सकाळपर्यंत.

त्या सकाळकडे वळण्याआधी माझ्या खिशाची थोडी माहिती देतो. माझ्या खिशात बटणांचा फोन असतो. कुणी विचारलं तर मी डोळ्यांचं कारण सांगतो, पण खरं कारण निराळं आहे. दोन वर्षं माझ्याकडे मोठा, काचेचा फोन होता. त्या दोन वर्षांत माझी एकही कविता पूर्ण झाली नाही. ओळ सुचायची, ती टिपून ठेवायला फोन हातात घ्यायचा आणि अर्ध्या तासानं भानावर यायचं, तेव्हा ओळ गेलेली आणि कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या लग्नाचे फोटो बघून झालेले. शेवटी तो फोन मी मुलीला देऊन टाकला. म्हणजे मी काही जगाशी भांडण काढलेला माणूस नाही. माझं बँकेत खातं आहे. खिशात डेबिट कार्ड आहे, तेही ते नवं, नुसतं यंत्राला टेकवलं की पैसे जातात असं. शिवाय रोख रक्कम असतेच. आमच्या वडिलांची शिकवण होती की प्रवासाला निघताना एक नोट पाकिटात आणि एक नोट सदऱ्याच्या आतल्या खिशात. एकूण काय, देणं भागवण्याच्या बाबतीत मी स्वतःला तयारीचा माणूस समजत होतो.

आता ती सकाळ. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, मिरजेला राहते. तिला बरीच वर्षं मधुमेह आहे आणि त्यानं आता डोळ्याचा पडदा धरलाय. पडद्याला सूज येते म्हणून ठरावीक दिवसांनी पुण्याला जाऊन डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं. दिवस चुकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, बंगळूरला नोकरी करतो. त्यानं आईसाठी विजेवरची गाडी घेऊन ठेवली आहे. गाडी छान आहे. आवाज नाही, धूर नाही, गिअर बदलायची कटकट नाही. मी ती आनंदानं चालवतो. घरी रात्री प्लग लावून ठेवायचा, सकाळी गाडी भरलेली. गावातल्या गावात बाहेरच्या चार्जिंगचा प्रश्न कधी आलाच नव्हता.

त्या रात्री नेमकी चार तास वीज गेली. पहाटे पावणेपाचला निघताना पडद्यावर अठ्ठ्याहत्तर टक्के दिसत होते. भाच्याला आदल्या दिवशीच सगळं सांगितलेलं. तो म्हणाला होता, "मामू, काळजी करू नका. वाटेत साताऱ्याच्या अलीकडे चार्जिंग स्टेशन आहे. तिथं पोचलात की मला फोन करा आणि मशीनवरचा नंबर सांगा. मी इथून माझ्या ॲपवरून सुरू करतो." बंगळूरात बसून साताऱ्यातलं यंत्र सुरू करायचं! मला ते एखाद्या जुन्या किश्श्यातल्या जादूसारखं वाटलं आणि मी निर्धास्त झालो.

आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका करत आम्ही महामार्गाला लागलो. कराड मागे टाकलं. सव्वासातच्या सुमारास ते स्टेशन आलं, एका ढाब्याच्या आवारात. पत्र्याची शेड, दोन उंच पेट्या, त्यांना जाडजूड केबली. माणूस कुणी नाही. गाडीत अठ्ठावीस टक्के उरले होते. विजेच्या हिशेबानं सांगायचं तर अकरा युनिटं. त्यात साठ-पासष्ट किलोमीटर जाता आलं असतं. पुणं सव्वाशे किलोमीटर होतं आणि मध्ये खंबाटकीचा घाट.

मी केबलीची गन गाडीला लावली. यंत्राचा पडदा उजळला. त्यावर इंग्रजीत लिहून आलं, ॲप उघडा आणि चौकोन स्कॅन करा. मी भाच्याला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग आपाला आठवलं की त्याची या आठवड्यात रात्रपाळी आहे. म्हणजे तो नुकताच अंथरुणावर पडला असणार आणि फोनचा आवाज बंद.

मी यंत्राच्या भोवती एक फेरी मारली. कार्ड टेकवायची जागा कुठे दिसते का ते पाहिलं. एका ठिकाणी लाटांसारखी खूण होती, तिथं माझं बँकेचं कार्ड टेकवलं. यंत्र पिपाणीसारखं वाजलं आणि कार्ड ओळखीचं नाही असं म्हणालं. नंतर कळलं की ती जागा त्या कंपनीनं स्वतः दिलेल्या कार्डासाठी असते. बाहेरच्या बँकेचं कार्ड तिला कळत नाही. पाकिटातून पाचशेची नोट काढून मी नुसताच उभा राहिलो. नोट घालायला फट नव्हती आणि द्यायला माणूस नव्हता.

आपा गाडीतून म्हणाली, "बिजली समोर, पैसे हातात. मग अडलंय कुठं?"

तिच्या या प्रश्नाचं उत्तर मला पुढं काही आठवडे शोधावं लागलं.

यंत्रावर मदतीसाठी एक नंबर होता. तो बटणांच्या फोनवरून लावता आला, हे त्यातल्या त्यात नशीब. हिंदीसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन दाबा, असं करत बारा मिनिटांनी एका मुलीचा आवाज आला. आवाज गोड होता आणि मुलगी मनापासून मदत करत होती, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे. ती म्हणाली, "सर, मी तुम्हाला लिंक पाठवते, त्यावरून ॲप घ्या." मी म्हटलं, माझ्या फोनवर लिंक उघडत नाही. तिनं विचारलं, "मग शेजारी कुणाचा फोन आहे का?" मी म्हटलं, "ताई, तुम्ही तिथून हे यंत्र सुरू करू शकत नाही का?" त्यावर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "करू शकते सर. पण पैसे कुठे जमा करून घेऊ?"

श्रोते हो, त्या सकाळचं सगळं मर्म या एका वाक्यात होतं. वीज होती, यंत्र चालू होतं, ते चालवणारी मुलगी फोनवर होती, माझ्याकडे पैसे होते. त्या पैशांना तिच्यापर्यंत पोचायला वाट तेवढी नव्हती. वाट एकच बांधलेली होती आणि ती वाट दुसऱ्याच कुणाच्या तरी खिशातल्या फोनमधून जात होती.

एव्हाना आठ वाजून गेले होते. आपानं पहाटे इन्सुलिन घेतलेलं, त्यामुळे तिला वेळेवर खायला घालणं भाग होतं. मी तिला ढाब्यात नेऊन बसवलं. उपमा, चहा. बिल झालं नव्वद रुपये. मी शंभराची नोट दिली, दहा रुपये परत आले. किती सरळ व्यवहार! गल्ल्यावर विशीतला एक मुलगा होता. माझा चेहरा बघून त्यानंच विचारलं, "काका, गाडी चार्ज होईना का?" मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "थांबा की, माझ्या फोनवर करू." त्यानं ॲप उतरवून घेतलं. ॲपनं त्याचं नाव विचारलं, नंबर विचारला, ओटीपी पाठवला, ईमेल विचारला, गाडी कोणती ते विचारलं. त्याच्याकडे सायकल आहे. त्यानं माझ्या गाडीचं नाव टाकलं. मग ॲप म्हणालं, वॉलेटमध्ये आधी पैसे भरा. मी त्याला पाचशेची नोट दिली, त्यानं आपल्या खात्यातून पाचशे भरले. आठ चाळीसला यंत्रातून गुरगुर आवाज आला आणि वीज वाहू लागली. तो आवाज ऐकून मला जो आनंद झाला, तो कवितासंग्रहाला बक्षीस मिळालं तेव्हाही झाला नव्हता. अर्थात बक्षीस लहान होतं.

पाऊण तासात एकवीस युनिटं भरली. युनिटला अठरा रुपये, म्हणजे ३७८ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ६८ रुपये ४ पैसे. एकूण ४४६ रुपये ४ पैसे. वॉलेटमध्ये उरले ५३ रुपये ९६ पैसे. पैसे माझे, वॉलेट त्या मुलाचं. मी म्हटलं, असू देत, तुझा चहा. तो म्हणाला, "काका, ह्यातनं चहा येत नाही. फक्त चार्जिंग येतं."

पुण्याला पोचायला बारा वाजून गेले. अकराची वेळ हुकली होती. इस्पितळातल्या बाईंनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, पण आपाला परत पाठवलं नाही. सगळ्यात शेवटी, संध्याकाळी साडेपाचला तिला आत घेतलं. तोवर ती बाकावर बसून होती. काही बोलली नाही. तिनं काहीतरी बोलावं असं मला फार वाटत होतं.

घरी आल्यावर मी या प्रकरणाच्या मागेच लागलो. वर्तमानपत्रं चाळली, जाणत्या मंडळींना विचारलं. भाच्याला तर इतकं छळलं की तो म्हणाला, मामू, आता मी कधीच फोनचा आवाज बंद करणार नाही. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे मांडतो.

पहिली गोष्ट, माणसाशिवाय चालणाऱ्या यंत्राला पैसे देणं ही काही नवी विद्या नाही. माझ्या वयाच्या श्रोत्यांना ते डबे आठवत असतील. किराणा दुकानाच्या फळीवर, एस.टी. स्टँडच्या खांबाला फोनचा डबा लटकवलेला असायचा. एक रुपयाचं नाणं आत टाकायचं, खण्णकन आवाज यायचा आणि पलीकडे आवाज ऐकू यायचा. रेल्वे स्टेशनवर वजनाचं यंत्र होतं. नाणं टाकलं की वजन छापलेलं कार्ड बाहेर यायचं आणि त्याच्या मागे आपलं भविष्यसुद्धा असायचं. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात मजुरांच्या घरांत गॅसचे मीटर बसवले गेले, त्यांत पेनी टाकली की पेनीपुरता गॅस येई. त्या यंत्रांनी कधी कुणाला नाव विचारलं नाही. नाणं खरं आहे ना, एवढंच पाहिलं.

मग आजच्या यंत्राला फट का नाही? कारणं आहेत आणि ती अगदीच वावगी नाहीत. रोख घेणाऱ्या पेटीला कुलूप लागतं, ती रिकामी करायला माणूस लागतो आणि ती फोडायला चोर येतो. बँकेचं कार्ड वाचणारं यंत्र बसवायचं तर त्याला खर्च आहे, ते ऊन-पावसात टिकलं पाहिजे, त्याची देखभाल पाहिजे. त्यापेक्षा काळ्या-पांढऱ्या चौकोनाचा कागद चिकटवणं जवळजवळ फुकट. शिवाय ॲपमधून गिऱ्हाइकाचं नाव-गाव मिळतं, आणि वॉलेटमध्ये लोकांचे पन्नास-पन्नास रुपये पडून राहतात, तेही कंपनीच्या सोयीचंच. शेवटचं कारण कुणी उघड सांगत नाही, म्हणून मी सांगितलं.

एक सबब मात्र मला पटली नाही. एकानं मला समजावलं की किती वीज जाणार ते आधी ठरत नाही, म्हणून रोखीचा व्यवहार जमत नाही. अहो, पेट्रोलपंपावर आपण काय म्हणतो? "पाचशेचं टाका." पाचशेचं झालं की पंप थांबतो. वीज तर पेट्रोलपेक्षाही नेमकी मोजता येते. पाचशेची वीज देऊन थांबणं या यंत्राला अवघड असेल असं मला वाटत नाही. आमच्या सकाळी त्यानं पैशापर्यंतचा हिशेब दाखवला होताच की.

आणि आपल्याच देशात विजेवरची वाहनं रोखीवर चालत आली आहेत, हे आपण विसरतो. उत्तरेकडच्या शहरांत बॅटरीच्या रिक्षा कितीतरी वर्षं धावताहेत. रात्री त्या एखाद्या गॅरेजवाल्याच्या आवारात लावायच्या, तो तारा जोडून देतो, सकाळी रिक्षावाला त्याच्या हातावर ठरलेले पैसे ठेवतो. आपल्या एस.टी.चीच गोष्ट घ्या. १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी पुणे-नगर रस्त्यावर धावली आणि १ जून २०२२ रोजी एस.टी.ची पहिली विजेवरची 'शिवाई' त्याच रस्त्यावर धावली. गाडी बदलली, इंधन बदललं. पण आत बसलेल्या म्हातारीनं पदराच्या गाठीतली नोट काढून वाहकापुढे धरली, तरी तिला तिकीट मिळतंच.

बाहेरच्या देशांतही माझ्यासारखी माणसं अडली असणार, कारण तिथं यावर कायदे झालेत. ब्रिटनमध्ये २०२३ साली सार्वजनिक चार्जिंगचे नियम झाले. २४ नोव्हेंबर २०२४ पासून तिथं आठ किलोवॅट आणि त्यावरच्या नव्या सार्वजनिक यंत्रांवर, तसंच पन्नास किलोवॅट आणि त्यावरच्या जुन्या यंत्रांवरही, बँकेचं कार्ड नुसतं टेकवून पैसे देण्याची सोय असलीच पाहिजे, असं बंधन आहे. चोवीस तासांची मोफत मदतवाहिनीही हवी आणि दर युनिटच्या हिशेबानं स्पष्ट सांगितला पाहिजे. युरोपीय संघाचा नियम १३ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. पन्नास किलोवॅट किंवा त्याहून मोठं नवं यंत्र बसवायचं तर त्यानं कार्ड घेतलंच पाहिजे. लहान यंत्रांना चौकोनाची मुभा आहे. मला सगळ्यात आवडला तो अमेरिकेत २०२३ साली केंद्र सरकारनं केलेला नियम. सरकारी पैशातून महामार्गांवर जी यंत्रं बसवायची, त्यांना कार्डाची सोय हवीच, पण त्याशिवाय एक मोफत फोन नंबर किंवा साधा एसएमएस, यांपैकी एका मार्गानंही चार्जिंग सुरू करता आलं पाहिजे आणि पैसे भरता आले पाहिजेत. म्हणजे साध्या बटणांच्या फोनवरून! त्या नियमात अपंगांचा आणि ज्यांना इंग्रजी नीट येत नाही अशांचाही विचार केला आहे. हे वाचताना मला ती गोड आवाजाची मुलगी आठवली. तिच्या हाती एवढा एक मार्ग असता, तर आपाचं इंजेक्शन अकरालाच झालं असतं.

आता कुणी म्हणेल, ते श्रीमंत देश आहेत, त्यांचं सोडा. पण मौज अशी की या बाबतीत आपल्या खिशात त्यांच्याहून जास्त किल्ल्या आहेत. ८ मार्च २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेनं साध्या फोनसाठी 'यूपीआय १२३पे' सुरू केलं. इंटरनेट लागत नाही. नंबर फिरवायचा, आवाज सांगेल तशी बटणं दाबायची, आपला पिन टाकायचा, पैसे जातात. मिस्ड कॉल देऊनही ते करता येतं. म्हणजे माझा हा गरीब फोनसुद्धा पैसे देऊ शकतो. फक्त चार्जिंगवाल्यानं त्या बाजूचं दार उघडून ठेवायला हवं. मग मेट्रोत आणि बसमध्ये चालावं म्हणून २०१९ च्या मार्चमध्ये आणलेलं एक कार्ड आहे, देशभर एकच. ते टेकवलं की दार उघडतं, नेटवर्क असो वा नसो. आणि प्रत्येक मोटारीच्या काचेवर चिकटलेला तो फास्टॅग! २०२१ च्या फेब्रुवारीपासून तो सक्तीचा झाला. टोलनाक्यावर माणूस खिडकीची काचसुद्धा खाली करत नाही आणि पैसे कापले जातात. जी गाडी टोलनाक्याला ओळख देते, तीच गाडी तासभर चार्जरला बांधलेली असताना मुकी का? यात तांत्रिक अडचणी असतील. पण त्या सोडवायच्याच नाहीत, असं कुणी ठरवलं असेल तर माझा इलाज नाही.

हा केवळ माझ्या हट्टाचा प्रश्न नाही, हेही सांगतो. मी हौसेनं साधा फोन वापरतो. मला तक्रारीचा हक्क थोडा कमीच. पण ज्याच्या डोळ्यांना उन्हात चकाकणारा पडदा वाचता येत नाही त्यानं काय करायचं? परदेशातून चार दिवस घरी आलेल्या आपल्याच मुलांकडे इथला नंबर नसतो, त्यांचा ओटीपी कुठे येणार? आणि मोठा फोन असलेल्यांनीही फार निर्धास्त राहू नये. फोन पडतो, फुटतो, घाटात रेंज जाते, आणि मुख्य म्हणजे त्याचीही बॅटरी उतरते. गाडी चार्ज करायला आधी फोन चार्ज असावा लागतो, ही आमच्या काळाची गंमत आहे. शिवाय खऱ्या चौकोनावर भामटे खोटा चौकोन चिकटवतात, हेही आपण बातम्यांत वाचतोच. नाण्याच्या फटीवर खोटी फट चिकटवल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही.

मी यूपीआयच्या विरुद्ध नाही. भाजीवालीच्या हातगाडीवर तो चौकोन दिसतो तेव्हा मला बरंच वाटतं, तिची सुट्ट्या पैशांची कटकट गेली. पण ती भाजीवाली रोख नको असं कधी म्हणत नाही. दोन्ही घेते. तिच्या गाडीला दोन वाटा आहेत. सरकारी अनुदानातून, सरकारी जमिनीवर उभ्या राहणाऱ्या यंत्राला निदान तिच्याइतकं शहाणपण असावं, एवढीच माझी मागणी.

त्या सकाळी हातात धरलेली पाचशेची नोट मी नंतर घरी आणखी एकदा अशीच दुसरी काढून नीट पाहिली. पुढच्या बाजूला धारकाला रक्कम देण्याचं वचन आहे, खाली गव्हर्नरांची सही. मागच्या बाजूला पंधरा भाषांची पट्टी. त्यात मराठीत 'पाचशे रुपये' लिहिलंय आणि सगळ्यात खाली उर्दूतही. ज्या भाषेत मी कविता लिहितो ती, आणि ज्या भाषेतल्या प्रार्थना माझी आई उशाशी ठेवायची तीही, दोन्ही त्या एका कागदावर. त्या नोटेला बिचाऱ्या सगळ्यांशी बोलायचं असतं. यंत्र एकाच भाषेत बोलत होतं आणि तेही फोनशी, माझ्याशी नव्हे.

अवघड वाटतं ते आपल्याकडची साधी माणसं सोपं करून टाकतात, याचा अनुभवही सांगायला हवा. मोबाइल नवे होते तेव्हा रिचार्ज कसं करायचो आपण? कोपऱ्यावरच्या टपरीत पन्नास रुपये द्यायचे आणि म्हणायचं, "रिचार्ज मार रे." कधी खरवडायचं कार्ड मिळायचं, नाण्यानं खरवडून नंबर वाचायचा. टपरीवाल्याला दोन रुपये सुटायचे. जिथं चार्जर आहे तिथं चहाची गाडी असतेच, कारण माणसाला तासभर थांबायचं असतं. त्या चहावाल्याच्या हाती कंपनीनं एक कार्ड दिलं, त्यानं रोख घेऊन ते यंत्राला टेकवलं, तर कुणाचं काय बिघडेल? जुन्या टेलिफोन बूथांवर कितीतरी अपंग माणसांचं पोट चालत होतं. तसं इथंही चालेल.

मी हे आपलं घरात बसून कल्पनेनं बोलत होतो. पण परवा दुपारी फोन वाजला. अनोळखी नंबर. "काका, मी ढाब्यावरचा." त्याला रोज त्या कंपनीचे संदेश येतात, म्हणे. तुमच्या गाडीसाठी खास सवलत, अमुक दिवसांत वापरा. "आणि तुमचे त्रेपन्न रुपये शहाण्णव पैसे अजून तसेच दिसतायत. परत मिळत न्हाईत. कधी येताय?" मी म्हटलं, पुढच्या महिन्यात, आपाची तारीख आहे. मग तो जरा घुटमळत म्हणाला की तुमच्यानंतर आणखी चौघांना त्यानं असंच चार्जिंग करून दिलं. एक तर फोन घरी विसरून आलेले डॉक्टर होते. आता मालक म्हणतायत, बाहेर पाटी लावू. पाटी त्यानंच लिहायची ठरली होती आणि मजकूर तयार होता. "येथे गाडी चार्जिंग करून मिळेल. रोख चालेल."

"तुम्ही लिहिणारे हाय म्हणून इचारतो," तो म्हणाला, "चार्जिंगच्या ज-वर रफार द्यायचा का अनुस्वार?"

मी म्हटलं, दोन्ही द्यायचे.

"मावतील का?"

"पाटी मोठी घे," मी म्हटलं.